दोऱ्याचं माप

८ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं आहे आणि मोठ्या कामाची नोंद हवी. बोल्टच्या कारखान्यात तपासणी खात्यात माझी नोकरी झाली. नोंद नाही म्हणजे काम नाही, असं मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो. ती हसायची. नंतर त्यांचीच बॅच परत यायची.

काम असं: बायकोसाठी चांदीची अंगठी, खडा बसवलेली, माझ्या हाताने केलेली. सरप्राइज. लग्नाचा वाढदिवस एकोणीस एप्रिलला. वेळ भरपूर आहे.

हिची जुनी अंगठी गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये कापावी लागली. सलाइनने हात सुजले आणि अंगठी बोटात रुतली. नर्सने एवढीशी करवत आणली, कापली, कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. कापाची कड बघितली. ओबडधोबड. तसं बोललो तर म्हणाली, काका, बोट वाचलं ते बघा.

ही परवा घरी आली. डॉक्टर म्हणाले, सूज हळूहळू उतरेल. बाकीही बरंच काही म्हणाले, पण मुद्दा तो. सूज उतरली की झालं.

दुसरा संकल्प: रोज अर्धा तास चहा घेऊन हिच्याजवळ बसायचं. उद्यापासून.

१० फेब्रुवारी
क्लास लावला. शनिवार-रविवार सकाळी, दागिन्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत. जिन्यात एकच बल्ब, तोही गेलेला. शिकवणारे माझ्याहून लहान आहेत, पण सगळे मास्तर म्हणतात म्हणून मीही. बोटांची टोकं काळी, डोळ्याला भिंग. बाकी विद्यार्थी म्हणजे कॉलेजच्या दोन मुली. त्या कानातलं करणार आहेत.

मास्तरांनी विचारलं, अंगठी कुणाच्या बोटाची? बायकोच्या, म्हटलं. मग बोट घेऊन या, म्हणाले. म्हटलं, सरप्राइज आहे, दोऱ्याने माप आणतो. मास्तर म्हणाले, साहेब, दोऱ्यावर अंगठी करू नये. दोरा धरणाऱ्यासारखा वागतो.

मोजमाप मला शिकवतात.

चहाचं जमलं नाही. क्लासला उशीर होत होता. हिला दारातूनच सांगितलं, पडून राहा.

१२ फेब्रुवारी
हिची धाकटी बहीण राहायला आली. अचानक कशी काय, विचारलं, तर म्हणाली, सहज. सहज येणारं माणूस स्वतःची उशी घेऊन येत नाही. आल्या आल्या स्वयंपाकघरातले डबे हलवले. साखर आता मिठाच्या जागी आहे. सकाळचा चहा फुकट गेला.

पण उपयोग होईल. तिला म्हटलं, ताई झोपली की बोटाचं माप घे. अनामिकेभोवती दोरा गुंडाळायचा, टोकाला टोक भिडलं की कापायचा. ती म्हणाली, भाऊजी, बायको तुमची, बोट तुमच्या बायकोचं, तुम्हीच घ्या की. सरप्राइजचं समजावून सांगितलं. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि दोरा घेऊन आत गेली.

माप आलं. हिरवा दोरा.

१७ फेब्रुवारी
आज प्रत्यक्ष चांदी. पट्टी तापवायची, लाल झाली की पाण्यात. मास्तर म्हणाले, लाल म्हणजे गुलाबी लाल, टोमॅटो नव्हे. माझी टोमॅटोच्या पुढे गेली आणि एका टोकाला थेंब होऊन लोंबली. मास्तरांना सांगितलं, पहिला नग नेहमी चाचणीचा असतो. ते म्हणाले, चांदीला ते माहीत नसतं.

१८ फेब्रुवारी
दुसरी पट्टी. वाकवली, टोकं कानशीने सपाट केली. दोन्ही टोकं जुळवून उजेडासमोर धरायची, मधून फट दिसता कामा नये. माझा सांधा बघून मास्तरांनी भिंग काढलं, पुसलं, परत लावलं आणि म्हणाले, हा चांगला आहे. मुलींनाही दाखवला.

घरी येऊन हिला सांगणार होतो. जिन्यातच आठवलं, सरप्राइज. ही खिडकीकडे तोंड करून पडली होती. दारातून विचारलं, कसं वाटतंय? म्हणाली, अहो, आत या ना, बसा दोन मिनिटं. म्हटलं, हात धुऊन येतो, काळे आहेत. काळे होतेच. निघायला वेळ लागला. तोवर हिला झोप लागली.

२४ फेब्रुवारी
अंगठी गोल झाली. मापाचा गज म्हणजे वर निमुळती होत गेलेली लोखंडी सळई, तिच्यावर रेघा. अंगठी वरून सोडायची, जिथे अडकेल ती रेघ तुमची. माझी हिरव्या दोऱ्याच्या रेघेवर जाऊन अडकली. केसाचाही फरक नाही. मास्तर म्हणाले, साहेब, वॉशर म्हणून उत्तम झालंय. आता अंगठी करा.

त्यांचा स्वभावच तसा.

घरी मागच्या गॅलरीत टेबल मांडलं. झाळायची गॅसची टॉर्च, चिमटे, कानशी, आणि चांदीचा काळेपणा काढायला तुरटीचं पाणी. इथून हिची खोली दिसत नाही. गुप्ततेच्या दृष्टीने सोयीचं.

१ मार्च
खडा आणला. मूनस्टोन. दुधात निळीचा थेंब पडल्यासारखा, हलवला की आत उजेड सरकतो. हिला असलंच काहीतरी आवडतं, खात्री आहे. एकदा विचारून घ्यायला हवं होतं. आता विचारलं तर कळेल.

एकोणीस तारखेसाठी हॉटेलात टेबल सांगून ठेवलं. वरचा मजला, खिडकीजवळ. जेवण झालं की अंगठी काढायची. बोलायचं काय तेही ठरवायला घेतलंय. सुरुवात चांगली झाली आहे: तुला आठवतं का.

३ मार्च
डॉक्टरांचा निरोप, मला भेटायचं आहे. एकट्याला. धाकटीला पाठवलं. मी एकदा भेटलोय त्यांना. पोरगेला माणूस, बोलताना समोरच्याकडे न बघता पेनच्या टोपणाकडे बघतो. आमच्या खात्यात असे लोक असत. नग नापास आहे हे समोर दिसतंय, पण शिक्का मारायची हिंमत नाही. टिकत नसत.

धाकटी परत आली आणि डबे पुन्हा हलवायला लागली. काय म्हणाले? म्हणाली, तुम्हाला भेटायचंय म्हणाले. ते कळलं, आणखी काय? म्हणाली, सांगते, आधी इथे बसा. पण गॅसवर तुरटीचं पाणी होतं. उकळून उतू गेलं असतं.

५ मार्च
चांगली बातमी. सूज उतरली! धाकटी म्हणाली, ताईच्या हातांची हाडं दिसायला लागली. मी म्हटलंच होतं.

म्हणजे माप बदललं. धाकटीला पुन्हा दोरा दिला. घोटाळा नको म्हणून या वेळी पिवळा. हिरव्याहून आखूड. अपेक्षितच. अंगठी लहान करायची म्हणजे मागच्या बाजूने तुकडा कापून काढायचा, टोकं जुळवायची, टॉर्चने तापवून सांधा पुन्हा झाळायचा. सोपं काम.

कापलेला तुकडा टाकून देववेना. औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवला. घरात हल्ली रिकाम्या डब्यांना तोटा नाही.

९ मार्च
कोंदण केलं. खड्याभोवती पातळ चांदीची भिंत. मास्तरांनी बजावलं, खडा शेवटी. माप पक्कं झालं, सगळं झाळून झालं, की मगच खडा बसवायचा. एकदा बसला की आगीजवळ न्यायचा नाही. म्हटलं, एवढं कळतं.

१० मार्च
हिने आपलं मनगटी घड्याळ धाकटीबरोबर पाठवलं. पट्ट्याला आणखी एक भोक हवंय. पाडून दिलं. कड स्वच्छ, अंतर आधीच्या भोकांइतकंच. हल्लीचं चामडं फार सैल पडतं.

१३ मार्च
आणखी एक भोक. दुकानदाराला बोललंच पाहिजे.

१४ मार्च
धाकटी निरोप घेऊन आली. ही विचारते, गॅलरीत लोहाराचं दुकान कुणी टाकलंय? म्हटलं, सांग, नळ दुरुस्त करतोय. धाकटी आत गेली. हसण्याचा आवाज आला. दोघींचा. मग धाकटी पुन्हा दारात: ताई विचारते, नळाला खडा कोणता बसवणार?

हिला काही माहीत नाही हे नक्की. अंदाजाने बोलते. पण हसली म्हणजे तब्येत सुधारते आहे.

चहाचा संकल्प सोमवारपासून, नक्की.

१६ मार्च
क्लासला गेलो नाही. घरीच खडा बसवला. माप पक्कं आहे, मग थांबायचं कशाला? कोंदणाची कड चारी बाजूंनी खड्यावर हळूहळू ढकलली, घासली, पॉलिश केली. खिडकीत धरली. आतला उजेड एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला.

आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेले नग तपासले. केलेला हा पहिला.

आत्ताच जाऊन द्यावी का? बराच वेळ हातात धरून उभा होतो. नाही. प्लॅन म्हणजे प्लॅन.

१७ मार्च
धाकटीला दाखवली. म्हणाली, छान झालीय हो! मग म्हणाली, भाऊजी, देणार असाल तर देऊन टाका. म्हटलं, अजून महिना आहे. अंगठी माझ्या हातात परत ठेवली. थोड्या वेळाने म्हणाली, एकदा माप बघते परत.

काळा दोरा. पिवळ्याहून आखूड. बराच.

आमच्या खात्यात नियम होता. दोन मापं जुळली नाहीत तर आधी मोजणाऱ्यावर संशय घ्यायचा, मग साधनावर, आणि नगावर सगळ्यात शेवटी. सूज उतरली, ती बोटं आणखी किती उतरणार? मोजणाऱ्यात दोष. तिला स्पष्ट सांगितलं, तू दोरा ताणतेस. हात हलका ठेव. हे काम म्हणजे पोत्याचं तोंड बांधणं नव्हे. तिने ओठ घट्ट मिटले, आत गेली, पुन्हा मोजून आणला. किंचित लांब आला.

बघा. ताणतच होती.

तरीसुद्धा पिवळ्याहून आखूड. अंगठी लहान करावी लागणार.

२० मार्च
अडचण. खडा बसलाय, आणि झाळायचं म्हणजे आग. खडा काढायचा तर कोंदण फाटेल. मास्तरांना फोन केला. म्हणाले, साहेब, खडा आधी बसवायचा नाही म्हटलं होतं ना? काढा तो. दुसरा काही उपाय? म्हणाले, काही जण खडा बटाट्यात खुपसून ठेवतात, गार राहतो म्हणून. पण मूनस्टोन नाजूक, त्याला ते नको. ऐकताय ना?

ऐकत होतो. बटाट्याची कल्पना उत्तम आहे.

२१ मार्च, सकाळ
धाकटी भाजी चिरत होती. तिच्या पुढ्यातला एक बटाटा उचलला. म्हणाली, खड्याऐवजी बटाटा बसवताय का भाऊजी? ताईला तोही चालेल, तुम्ही घेऊन आलात तर.

खडा बटाट्यात खुपसला, मागची बाजू वर. टॉर्च लावली. सांधा सुरेख जुळला. बटाट्यातून वाफ यायला लागली, भाजल्याचा वास सुटला. मग टिच असा आवाज.

दुपार
खड्यात एक रेघ आहे. आरपार नाही. अस्सल खड्यात रेघा असतातच, खऱ्याची ती खूण. आधीपासून असणार. माझं भिंग जुनं आहे.

डबीत आता दोन तुकडे.

२३ मार्च
हॉटेलात फोन केला. लिफ्ट नाही. खालचं टेबल सांगितलं. चाकाची खुर्ची आत येईल का, तेही विचारून ठेवलं. सहज. मॅनेजर म्हणाला, दारात एक पायरी आहे, आम्ही उचलून घेऊ. एवढी गरज पडणार नाही म्हटलं.

२६ मार्च
मुलगी आली. दूरच्या शहरात नोकरी, वर्षातून एकदा येते आणि यायच्या आधी महिनाभर गाजावाजा करते. या वेळी थेट दारात. रजा उरली होती म्हणाली. परतीचं तिकीट काढलेलं नाही. नियोजन शून्य. आईवर गेली.

आधी आईच्या खोलीत गेली. बाहेर आली ती सरळ बाथरूममध्ये, आणि नळ पूर्ण सोडून बराच वेळ आत. पाणी वाया. दार वाजवून सांगितलं. आतून म्हणाली, बाबा, प्लीज.

२७ मार्च
मुलगी म्हणाली, बाबा, दिवसभर गॅलरीत काय करता? अंगठी दाखवली. तळहातावर घेऊन बघत राहिली. म्हटलं, कशी आहे? म्हणाली, सुंदर आहे. पण आईला होणार नाही. मोठी आहे. म्हटलं, मोजून केलीय. म्हणाली, कुणाला मोजून?



२८ मार्च
खात्री करून घ्यावी म्हणून धाकटीकडून नवं माप. पांढरा दोरा. काळ्याहूनही आखूड. आता तर हात हलका ठेवते म्हणते.

ही दिवसातून दोन-चार चमचे सूप घेते. हलकं खायला सांगितलंच होतं. तशी लग्न झाल्यापासून वजन कमी करायचं म्हणत होती. मनावर घेतलं की माणूस काय नाही करू शकत.

३० मार्च
नियमाप्रमाणे आता साधनावर संशय. मास्तरांचा गज झिजलेला असणार. तसं सांगितलं. त्यांनी दुसरा दिला. मग तिसरा. तिन्हींवर पांढऱ्या दोऱ्याची रेघ एकच. मास्तरांनी दोरा हातात घेतला, स्वतःच्या करंगळीला गुंडाळून बघितला. पुरा पडला नाही. म्हणाले, साहेब, हे शाळकरी मुलीचं माप आहे का? म्हटलं, बायकोचं. मास्तरांनी विचारलं, पहिला, हिरवा दोरा आहे का जवळ? होता. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघत राहिले.

कानातलंवाल्या मुलींचे हात थांबले होते.

मास्तरांनी माझी टॉर्च बंद केली. म्हणाले, आजचा क्लास झाला. म्हटलं, आत्ता तर आलो, कोंदणाची कड घासायचीय. म्हणाले, झालीय घासून. घरी जा. जिन्यापर्यंत सोडायला आले, आणि बल्ब नाही म्हणून खालपर्यंत माझ्या दंडाला धरून. मी काय म्हातारा आहे?

क्लास बदलावा म्हणतो.

२ एप्रिल
पांढऱ्या दोऱ्याच्या मापाने अंगठी केली. पुन्हा बटाटा. खड्यातली रेघ जरा पुढे गेल्यासारखी वाटते. उजेडाचा परिणाम. डबीतले तुकडे हलवले की वाजतात.

५ एप्रिल
सकाळी टॉर्च चालू होती. मागे गॅलरीच्या दारात पावलं. घसटत आलेली. मुलीचा आवाज, आई, हळू. मी पटकन अंगठीवर फडकं टाकलं. मागे वळलो नाही. पेटती टॉर्च हातात असताना वळू नये, हा पहिला नियम.

ही म्हणाली, नळ झाला का दुरुस्त? म्हटलं, होत आलाय. म्हणाली, किती दिवस लागतील? म्हटलं, एकोणीसपर्यंत. नुसता श्वास. मग म्हणाली, बघा, जरा आधी झाला तर. म्हटलं, घाईत काम बिघडतं. म्हणाली, ते खरं.

टॉर्च बंद करून वळलो तेव्हा दारात कुणी नव्हतं. पार खोलीपासून चालत आली म्हणजे ताकद येते आहे. मुलीला तसं म्हटलं. ती म्हणाली, बाबा, तिने दोन दिवस हट्ट धरला होता तेवढं चालण्यासाठी.

जिद्द आहे.

फडकं जळलं. अंगठी ठीक.

७ एप्रिल
पाठ वरखाली होणारी कॉट आली. भाड्याने. माणसाला म्हटलं, महिन्याच्या हिशेबाने लावा, स्वस्त पडतं. मुलगी म्हणाली, आठवड्याचं पुरे. वायफळ खर्च, पण मी मध्ये पडलो नाही. कॉटची चाकं करकरत होती. ती आत न्यायच्या आधी बाहेरच तेल घातलं.

हॉटेलचं टेबल रद्द केलं. तसंही त्यांच्याकडचं जेवण बेचव असतं.

९ एप्रिल
मुलगी काही म्हणो, खात्री केलेली बरी. धाकटीला पुन्हा पाठवलं. लाल दोरा. पांढऱ्याहून आखूड!

जरा जास्तच बोललो. म्हटलं, एवढीशी गोष्ट, एका बोटाचं माप, तेही दर वेळी वेगळं. मोजता येत नसेल तर तसं सांगावं. माझ्या हाताखाली असतीस तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवली असती.

ती म्हणाली, खरंय भाऊजी. मला नाही येत मोजता. आता तुम्ही मोजा. दोऱ्याचं रीळ आणि कात्री माझ्या टेबलावर ठेवली आणि निघून गेली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज सुद्धा नाही.

तिचंही एका अर्थी बरोबर. जाणकाराने करायचं काम नवशिक्याकडे दिलं, इथेच चुकलं. उद्या स्वतः माप घेणार. सरप्राइजला थोडा धक्का बसेल, पण दोरा कशासाठी हे हिला कुठे कळणार?

१० एप्रिल
साबणाने दोनदा हात धुतले. दारापर्यंत गेलो. ही झोपली होती. झोपेत माप अचूक येत नाही, बोटं वळलेली असतात. परत आलो.

पुन्हा गेलो. जागी असावी. पण औषधाची वेळ झाली होती आणि मुलगी आत होती. गर्दीत मोजू नये.

गॅलरी झाडली. कानशी साफ केल्या. उद्या.

११ एप्रिल
डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाईट येतंय.

दुपारी गेलो. ही जागी होती. मी काही बोलायच्या आत हिने चादरीतून हात बाहेर काढला, बोटं पसरून ठेवली. म्हणाली, या नळवाले. किती उशीर?

खुर्ची ओढली. हात हातात घेतला. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात, तरी घड्याळ कोपराकडे घसरलं.

दोरा गुंडाळला. टोकाला टोक. कापला. पुन्हा मोजलं. पुन्हा. तेच.

धाकटीचा लाल दोरा खिशात होता. चादरीवर शेजारी ठेवला. माझा आखूड.

धाकटी दाराशी उभी होती. म्हटलं, तू ताणत नव्हतीस. म्हणाली, नाही. तुम्ही बोललात त्या दिवसापासून सैलच सोडत होते. तुम्हाला एकदम नको म्हणून.

मोजणारी ठीक. दोरा ठीक.

ही म्हणाली, काय आलं माप? म्हटलं, बरोबर आहे. म्हणाली, मग आणा अंगठी, बघू तरी. आणायला उठलो. हिने हात सोडला नाही. पकडीत जोर काहीच नव्हता. तरी सोडवता येईना.

मुलीने आणून दिली. बोटात घातली, ती गळून चादरीवर पडली. अंगठ्यात घातली. तिथे राहिली, जराशी कलंडून. हिने हात खिडकीकडे धरला. बराच वेळ बघत होती. म्हणाली, तडा गेलाय.

म्हटलं, हो.

म्हणाली, बटाटा? धाकटीने सगळं सांगितलंय म्हणे, पहिल्या दिवसापासून. हसायला गेली, खोकला आला. मुलीने पाणी पाजलं.

म्हटलं, आणखी लहान करून आणतो, तासाभराचं काम आहे. म्हणाली, नको. अहो, बसा.

चहा येऊन गार झाला. डायरी खिशात होती, पेनही. उजवा हात हिच्याकडे आहे.